छोटा कॉम्प्रेसर बिघडला तर...

पंक्चरचे दुकान, गॅरेज, स्प्रे पेंटिंगचे काम. आपल्या कितीतरी घरांची रोजी-रोटी हवेच्या छोट्या कॉम्प्रेसरवर चालते. मालेगाव-भिवंडीकडे यंत्रमागावरचा कापसाचा फुफाटा उडवायलाही तो लागतो. तो बंद पडला की दिवसाची कमाई बुडते, म्हणून कसेबसे जुळवून काम रेटण्याकडे कल असतो. बरेचसे दोष साधे असतात, ते घरच्या घरी ओळखता येतात. मात्र दोन ठिकाणी जुगाड जिवावर बेतू शकतो. दोन्ही बाजू आम्ही इथे मांडत आहोत.

आधी एवढे करा

पाना हातात घेण्यापूर्वी प्लग काढा आणि टाकीतली सर्व हवा सोडा. २५ लिटरच्या टाकीत ८ बार दाब असेल, तर बाहेर सोडल्यावर सुमारे २०० लिटर होईल इतकी हवा आत कोंडलेली असते. टाकीच्या आतल्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या जागेवर, सुमारे ८ किलोचा भार असतो.

मोटर गुणगुणते, फिरत नाही

लगेच बटण बंद करा, नाहीतर मोटर जळेल. टाकी रिकामी करून पुन्हा चालू करा. आता सुरू झाली, तर हेडमध्ये दाब अडकून राहतो आहे, असे समजा. दोष बहुधा टाकीच्या तोंडाशी असलेल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा किंवा प्रेशर स्विचखालच्या छोट्या व्हॉल्व्हचा असतो. रिकाम्या टाकीवरही सुरू झाली नाही, तर व्होल्टेज कमी असेल किंवा कपॅसिटर गेला असेल. कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, ते काम इलेक्ट्रिशियनलाच द्या. लांब, बारीक एक्स्टेंशन वायरनेही व्होल्टेज पडते. वायर आखूड ठेवा आणि हवेचा पाइप लांब घ्या.

मशीन थांबल्यावर फुसफुस

बंद होताना एकदाच 'फुस्स' होणे ठीक आहे. आवाज चालूच राहिला, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतो आहे. टाकी रिकामी करून तो उघडा. आतल्या रबराखाली कचरा असेल तर पुसा, रबर फाटले असेल तर बदला.

हवा भरायला फार वेळ

आधी फिल्टर झाडा. मग खालचा ड्रेन नट घट्ट आहे का ते पाहा. जोडांवर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे येतील तिथे गळती. गळती कुठेच नसेल, तर हेडची व्हॉल्व्ह प्लेट किंवा पिस्टनची रिंग झिजली असेल. ते मेकॅनिककडे द्या. ऑइलवाल्या मशीनला काचेवरच्या खुणेपर्यंत कॉम्प्रेसर ऑइल ठेवा. ऑइल-फ्री मशीनमध्ये तेल मुळीच घालू नये. तापून बंद पडले, तर थंड होऊ द्या आणि मगच रीसेटचे बटण दाबा.

इथे जुगाड नको

पहिली जागा टाकीची. हवा दाबली की तिच्यातल्या वाफेचे पाणी होते आणि टाकीच्या तळाशी साचते. पावसाळ्यात, त्यातही कोकणपट्टीत, ते जास्त निघते. टाकी आतून गंजते आणि पत्रा पातळ होतो, पण बाहेरचा रंग चकचकीतच दिसतो. म्हणून रोज काम संपल्यावर खालचा नट उघडून पाणी काढा. टाकीला बारीकसे भोक पडून हवा येऊ लागली, तर तिथे वेल्डिंग किंवा एम-सील लावू नका. ती टाकी बाद समजा.

दुसरी जागा सेफ्टी व्हॉल्व्हची. प्रेशर स्विच अडकून मशीन थांबले नाही, तर जादा हवा सोडणारा तोच एक आधार असतो. तो फुसफुसतो म्हणून आवळणे किंवा बोल्ट लावून बंद करणे म्हणजे टाकी फुटण्याची तयारी. अधूनमधून त्याची रिंग ओढून पाहा. खराब असेल तर त्याच दाबाचा नवा बसवा.

मुलांना सांगून ठेवा

अब्बा नमाजला किंवा जेवायला गेले, की दुकानात बऱ्याचदा मुलेच असतात. संध्याकाळी कपड्यांवरची, केसांवरची धूळ याच पाइपने उडवण्याची सवयही दिसते. दाबाची हवा डोळा आणि कानाचा पडदा फोडू शकते, जखमेतून कातडीखाली शिरू शकते. गंमत म्हणून कुणाच्या अंगाला नळी लावल्याने आतडी फाटून माणसे दगावली आहेत. पाइप कुणाच्याही अंगाकडे धरायचा नाही, हा नियम मशीन घरात आले त्याच दिवशी मुलांना सांगा, आणि मोठ्यांनीही तो पाळा.