पेढीचा कारभार आणि कृत्रिम बुद्धी

आपल्या देवास नगरीत एके काळी दोन संस्थाने नांदत होती. पवार घराण्यातील तुकोजीराव व जिवाजीराव या बंधूंपासून थोरली पाती व धाकटी पाती निघाल्या. एकाच हमरस्त्याच्या दोन बाजूंस दोन अंमल, आणि पाणी व दिवाबत्तीची व्यवस्थाही निरनिराळी! १९४८ साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. आज मात्र आपल्या पेढ्यांवर पुन्हा दोन कारभारी बसू लागले आहेत, एक मुनीम आणि दुसरे यंत्र. त्यांची हद्द कोठे आखावी, हा प्रश्न देवासच्या किराणा दुकानास जितका, तितकाच धार जिल्ह्यातील पिथमपूरच्या कारखान्यासही पडतो.

हे यंत्र मागील नोंदींवरून पुढील संभाव्य गोष्ट ताडते. म्हणून बिले व जीएसटीची विवरणे ताडून पाहणे, गोदामातील कोणता माल केव्हा संपेल हे सांगणे, कोणाची उधारी थकण्याचा संभव आहे हे दाखविणे, ही कामे ते त्वरेने करते. परंतु खतावणीत जे उतरलेच नाही, ते त्यास कोठून ठाऊक असणार? सोयाबीन पावसात भिजल्यामुळे थकलेला कुळवाडी आणि नियत फिरल्यामुळे थकलेला व्यापारी, दोघेही त्याच्या लेखी सारखेच. जुना मुनीम हा भेद जाणतो.

अमेरिकेतील झिलो कंपनी यंत्राच्या अंदाजांच्या आधारे घरे खरेदी करून विकीत असे. भाव अंदाजाप्रमाणे वागेनात. तीस कोटी डॉलरांहून अधिक रकमेची घट हिशेबात धरावी लागली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो व्यवसाय बंद करण्याचे जाहीर करून सुमारे चतुर्थांश नोकर कमी करण्यात आले. भाव ठरविण्याचे काम आपणही सर्वस्वी यंत्राकडे सोपवू नये, असे आम्हांस वाटते. जबाबदारी तर सोपविताच येत नाही. एअर कॅनडाच्या संवादयंत्राने एका प्रवाशास सवलतीची चुकीची माहिती दिली, तेव्हा ते यंत्र आपल्या कृत्यांस स्वतःच जबाबदार आहे, असा बचाव कंपनीने मांडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातील न्यायाधिकरणाने तो फेटाळला.

तेव्हा उधारीची मर्यादा, भाव आणि नोकरांची नेमणूक यांवर मनुष्याची सही असावी. मात्र शंभर कागदांवर न वाचता केलेली सही ही देखरेख नव्हे. यंत्राने रोज सकाळी संशयास्पद अशी दहा-वीस खातीच मुनीमापुढे ठेवावीत, आणि मुनीमाने यंत्राचा सल्ला नाकारल्यास त्याचे कारण शेजारी एका ओळीत लिहावे. सहा महिन्यांनी ती वही उघडली म्हणजे कोणाचा अंदाज किती वेळा खरा ठरला, हे मालकास दिसेल आणि हद्द त्याप्रमाणे पुढेमागे सरकविता येईल.