रक्तक्षयाची कैफियत

‘अंगात रक्त नाही’ हे निदान आपल्याकडे डॉक्टरच्या आधी घरातली वडीलधारी मंडळीच करून मोकळी होतात, आणि त्यात त्यांची फारशी चूकही नसते. कारण निस्तेज चेहरा, जिना चढताच लागणारी धाप, उठता-बसता डोळ्यांपुढे येणारी अंधारी ही लक्षणे ओळखायला पदवी लागत नाही. घोटाळा होतो तो यानंतर. लाल पदार्थाने रक्त वाढते या भाबड्या समजुतीने बीट आणि डाळिंब यांचा मारा सुरू होतो, औषधाच्या दुकानातून टॉनिकची बाटली येते, आणि असलेले रक्त गेले कोठे, किंवा मुळात तयारच का झाले नाही, हा खरा सवाल तसाच राहून जातो.

दंडक असा की, दर डेसिलिटर रक्तामागे हिमोग्लोबिन प्रौढ पुरुषात 13, स्त्रीत 12 आणि गर्भवतीत 11 ग्रॅमहून कमी भरले म्हणजे रक्तक्षय समजावा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी 57 टक्के या व्याख्येत बसल्या. इतके सर्रास आढळणारे व्यंग अंगवळणी पडते, ‘बायकांना असायचेच’ म्हणून त्याची वासलात लावली जाते, आणि त्यामागे दडलेले दुसरे दुखणे बिनबोभाट वाढत राहते.

म्हणून जाणता डॉक्टर सुईच्या आधी जबानीकडे वळतो. पाळीत अंगावरून किती जाते व किती दिवस जाते, बाळंतपणे किती अंतराने झाली, मूळव्याधीचे रक्त पडते काय, शौचास डांबरासारखे काळे होते काय, गुडघेदुखीच्या गोळ्या किती वर्षे चालू आहेत, घरात दूध, अंडी, मटण यांपैकी काय शिजते, अशी ही चौकशी वरकरणी भोचक वाटली तरी तिच्यातून अर्धे निदान हाती येते. माती, भिंतीचे पोपडे किंवा कच्चे तांदूळ खाण्याची खोड ही लोहाच्या अभावाची मोठी खूण. पण हा प्रश्न सासूच्या देखत विचारल्यास खरे उत्तर मिळत नाही, हेही त्याला ठाऊक असते. मग खालची पापणी ओढून आतला रंग पाहायचा तो दिवसाच्या उजेडात. ओठ आणि नखे रंगविलेली असली तर तळहाताच्या रेषा पाहाव्यात. गुळगुळीत झालेली जीभ, मधोमध खोलगट झालेली नखे, डोळ्यांतली पिवळसर झाक, डाव्या बरगड्यांखाली हाताला लागणारी प्लीहा, यांतली प्रत्येक गोष्ट तपासाला निराळी दिशा देते. मात्र सौम्य रक्तक्षय नुसत्या नजरेला हमखास चकवतो, तेव्हा रक्ताचा नमुना घेणे अपरिहार्यच.

शरीरातल्या रक्ताचा हिशेब दुकानाच्या जमाखर्चासारखा असतो: गंगाजळी आटली तर जमा घटली की खर्च वाढला, हे आधी पाहावे लागते. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते आणि अस्थिमज्जा तिची जागा भरत राहते. नव्याने आलेल्या कोवळ्या पेशींचे, म्हणजे रेटिक्युलोसाइट्सचे, प्रमाण वाढलेले दिसले तर कारखाना जोमात असून रक्तस्राव तरी चालू आहे किंवा पेशी अकाली फुटत तरी आहेत. ते कमी असेल तर खोट उत्पादनातच आहे. दुसरा प्रश्न पेशींच्या आकारमानाचा. सरासरी 80 ते 100 फेम्टोलिटर हे प्राकृत मान. यंत्र हा आकडा क्षणार्धात छापून देते, पण काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून, त्याला लीशमन रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहण्याची जुनी रीत अजून बाद झालेली नाही. लहान आणि मोठ्या पेशी एकत्र असल्या तर सरासरी अगदी निर्दोष दिसते, आणि ती लबाडी काचपट्टीच उघडकीस आणते.

पेशी लहान व फिकट असल्या की पहिला संशय लोहाच्या अभावाचा, आणि रक्तातील फेरिटिन घटलेले असले की तो पक्का होतो. मात्र अंगात कोठे दाह चालू असला तर फेरिटिन वाढून साठ्याबद्दल भलताच दाखला देते. परंतु लोह कमी आहे एवढ्यावर तपास थांबविणे मला गुन्ह्यासारखे वाटते. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषात लोहाची तूट आढळली तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगापासून जठरातल्या व्रणापर्यंत रक्त गळण्याची वाट शोधलीच पाहिजे; शेतात अनवाणी राबणाऱ्याच्या आतड्यात अंकुशकृमी रोज थोडे थोडे रक्त शोषीत असतात. थॅलसीमियाच्या वाहकातही पेशी लहानच दिसतात, पण त्याला लोहाची तूट असेलच असे नाही, आणि कारण नसता वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या गिळणारे असे लोक आढळतात.

मोठ्या पेशींच्या रक्तक्षयाचा इतिहास तर मुंबईशी जडलेला आहे. 1928 साली ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईत आल्या आणि कापड गिरण्यांतील गरीब गर्भवती कामगार स्त्रियांना ग्रासणाऱ्या घातक रक्तक्षयाचा शोध घेऊ लागल्या. त्यांनी त्या स्त्रियांचा आहार पाहिला, उंदीर व माकडे यांवर प्रयोग केले, आणि अखेर यीस्टच्या अर्काने, म्हणजे इंग्रज लोक पावाला फासून खातात त्या स्वस्त मार्माइटने, हा रोग बरा होतो असे 1931 साली प्रसिद्ध केले. त्यातले गुणकारी द्रव्य फोलिक आम्ल. 1941 साली ते पालकाच्या पानांतून मिळविण्यात आले, आणि पुढे चार-पाच वर्षांतच ते कृत्रिम रीतीने घडविणाऱ्या अमेरिकेतील चमूत आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव हे प्रमुख होते. आज गर्भवतीच्या गोळीत लोहाच्या जोडीला असते ते हेच. पण मोठी पेशी दिसली की फोलिक आम्ल द्यावे हा सरधोपट हुकूम घातक ठरतो. कारण तूट बी-12 ची असल्यास रक्त सुधारते, आणि हातापायांना मुंग्या आणणारा मज्जातंतूंचा ऱ्हास मात्र आतून चालूच राहतो. शुद्ध शाकाहारी, त्यातही दूधदुभते जेमतेम असणाऱ्या घरांत बी-12 ची चाचणी आधी करून घ्यावी.

आकारमान प्राकृत असूनही हिमोग्लोबिन कमी, असा प्रकार क्षय, संधिवात, मूत्रपिंडाचे जुने विकार यांत आढळतो. नंदुरबार किंवा गडचिरोलीकडचा रुग्ण सांधेदुखी आणि कावीळ वारंवार होते असे सांगू लागला, तर कोयत्याच्या पात्यासारख्या वाकलेल्या पेशींचा सिकलसेल मनात असलाच पाहिजे.

निदान बरोबर होते की नाही, याची साक्ष उपचारच देतात: लोहाची तूट खरी असेल तर आठवडा-दहा दिवसांत कोवळ्या पेशी वाढतात आणि महिन्याभरात हिमोग्लोबिन ग्रॅम-दोन ग्रॅम चढते. चढले नाही तर कागद पुन्हा काढावेत. पण त्याआधी गोळी खरोखर पोटात जाते आहे काय, हे विचारावे, कारण शौचास काळे होते, पोट साफ होत नाही, मळमळते, एवढ्यावरून कित्येक घरांत ती फळीवरच पडून असते. काळा रंग हा त्या औषधाचाच, चहाबरोबर गोळी घेऊ नये, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी, आणि आकडा पुरा झाला तरी रिते झालेले कोठार भरण्यासाठी ती आणखी तीन महिने चालू ठेवावी, हे पहिल्याच भेटीत सांगितलेले बरे.