कुत्रा उभा नको, चालता बघा

भुईगावच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की ओलसर, घट्ट वाळूचा पट्टा उघडा पडतो. जर्मन शेफर्डची मागची ठेवण तपासायला ही नामी जागा. कुत्र्याला सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवा आणि मागे उमटलेले ठसे बघा. भरधाव दुडकताना चांगल्या जनावराचा मागचा पंजा पुढच्या पंजाच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडतो. एकाच बाजूचे पाऊल सतत आखूड पडत असेल, तर कुठेतरी दुखते आहे.

श्वान-प्रदर्शनातली ती प्रसिद्ध उभी ऐट, एक मागचा पाय लांब ताणलेला आणि पाठ उतरती, बरेच काही लपवते. पिल्लू विकणारे पाठवतात तो फोटोही नेमका त्याच ऐटीतला!

जर्मन शेफर्ड ही जात 1899 साली मॅक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी जर्मनीत नावारूपाला आणली, ती मेंढ्यांसाठी. मेंढ्या पिकात शिरू नयेत म्हणून शेताच्या कडेने दिवसभर दुडकत राहायचे, हे तिचे काम. उभ्या कुत्र्याचे जास्त वजन पुढच्या पायांवर असते. पण पुढे रेटण्याचा मोठा जोर मागून येतो. म्हणून जातीच्या मानकात पुठ्ठ्याचा उतार साधारण 23 अंश आणि मांडीचे हाड व नडगी यांच्यातला कोन साधारण 120 अंश सांगितला आहे. पाय याहून जास्त दुमडलेले असले की उभा कुत्रा देखणा दिसतो, पण चालताना मागचे घोटे डगमगतात. 2016 च्या क्रफ्ट्स या श्वान-प्रदर्शनात अशाच एका उतरत्या पाठीच्या विजेत्या शेफर्डवरून ब्रिटनमध्ये गदारोळ झाला. माझ्या मते तो रास्तच होता.

शेपटी म्हणजे कण्याचेच टोक, त्यामुळे ती कुठून निघते यावरून पुठ्ठ्याचा उतार कळतो. उतार फार असला तर शेपटी खालून निघते आणि मागचा पाय पुरता मागे जात नाही. शेपटी घोट्यापर्यंत पोचावी, हलक्या बाकात लोंबावी आणि कुत्रा उत्तेजित झाला तरी आडव्या रेषेच्या वर जाऊ नये. गावठी कुत्र्याची पाठीवर वळलेली शेपटी मला फार आवडते, पण शेफर्डमध्ये तो दोष ठरतो.

खुब्याचा सांधा मात्र बाहेरून दिसत नाही. जन्मतः तो ठीक असतो. पुढे तो सैल पडतो का, हे अनेक जनुके आणि वाढीच्या वयातले वजन मिळून ठरवतात. 48 लॅब्रेडॉरांवरच्या एका दीर्घ अभ्यासात जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाऊ घातले. कमी खाणाऱ्यांचे खुबे कमी बिघडले आणि ते सरासरी पावणेदोन-दोन वर्षे जास्त जगले. खुब्याचा खरा निकाल एक्स-रेच देतो, आणि अमेरिकेत त्याचे अंतिम प्रमाणपत्र दोन वर्षांच्या वयाआधी मिळत नाही.

तेव्हा पिल्लू घ्यायला जाल तर आई-बाप दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा आणि आईला चालवून दाखवायला सांगा. विकणारा नुसते फोटोच पुढे करू लागला, तर रिकाम्या हाताने परत या.