पोटदुखी की आणखी काही?

आमच्या घरात पोटदुखीला एकच नाव होतं, गॅस. आणि औषधही एकच, ओवा-हिंग.

१९९६ सालच्या श्रावणातली रात्र. आम्ही तेव्हा आंबिवलीला, मोहन्याच्या रेयॉन कारखान्याजवळ राहत होतो. बाबा तिथूनच निवृत्त झालेले. वय ६७, विडीची जुनी सवय. अचानक त्यांच्या पोटात कळ उठली, ती थेट पाठीत गेली. आईने ओवा दिला, मी शेकायची पिशवी भरली. शेजारचे काका म्हणाले, ‘‘मुतखडा असणार, सकाळी बघू.’’ दोन तासांनी बाबा मोरीत चक्कर येऊन पडले.

रिक्षाने कल्याण गाठलं. डॉक्टरांनी बेंबीच्या वर तळहात ठेवला आणि त्यांचा चेहराच उतरला. पोटातली महाधमनी फुगून फुटली होती. मुंबईला नेताना बाबा वाटेतच गेले.

हृदयापासून निघालेली ही मोठी रक्तवाहिनी पोटात साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. तीनच्या पुढे गेली की फुगा धरला म्हणायचं. फुगा बहुधा वर्षानुवर्षं मुकाच असतो. फुटतो तेव्हा मात्र मुतखड्याचं सोंग घेऊन येतो.

आइन्स्टाइननाही हाच आजार होता. १९४८ साली डॉ. रूडॉल्फ निसेन यांनी त्यांच्या फुग्याभोवती सेलोफेन गुंडाळलं. १९५५च्या एप्रिलमध्ये तो फुटला. पुन्हा शस्त्रक्रिया त्यांनी नाकारली. हे वाचताना मी थबकलो. सेलोफेन आणि रेयॉन, दोन्ही एकाच व्हिस्कोसपासून बनतात. बाबांचं सारं आयुष्य त्याच व्हिस्कोसमध्ये गेलं होतं! तो कारखानाही २००९ साली बंद पडला.

याच जातीचं आणखी एक दुखणं आहे. नाडी अनियमित असलेल्या माणसाच्या हृदयात रक्ताची गुठळी होते आणि ती आतड्याच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकते. माणूस कळवळत असतो, पोट मात्र हाताला मऊ लागतं. काही तासांतच आतडं मरू लागतं.

अशी दुखणी विरळा, हे खरं. दहांतल्या नऊ वेळा ओवाच पुरतो. पण साठी उलटलेल्या माणसाला अचानक, कधी नव्हे अशी कळ आली, सोबत घाम किंवा चक्कर असली, तर सकाळची वाट पाहू नका.

हा फुगा घराण्यात चालत येऊ शकतो. म्हणून साठी गाठल्यावर मी सोनोग्राफी करून घेतली. काही मिनिटांचं काम. बाबांना ते कुणी सुचवलं नाही. आम्हालाही सुचलं नाही.