मागे काय होतं?

गेल्या महिन्यात सोसायटीतल्या एका मुलीने कॉलेजच्या प्रकल्पासाठी विचारलं, "काका, अटल सेतू व्हायच्या आधीची शिवडी आहे का तुमच्याकडे?" म्हटलं, आहे का म्हणजे काय! माळ्यावरचे डबे काढले, चारेकशे स्लाइड उजेडाला धरून पाहिल्या. सगळे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. उभे, उडते, मान उलटी करून चरणारे. शिवडी मात्र कुठेच नाही. एक स्लाइड सोडून.

शिवडीच्या चिखलात रोहित मोठ्या संख्येने दिसू लागले ते नव्वदच्या दशकात. त्या वर्षांबद्दल मला फार सांगता येणार नाही. मी तेव्हा बोरिवलीच्या जंगलात बिबट्या शोधत होतो आणि तो मला टाळत होता. माझी शिवडी २००० नंतरची दहा वर्षं. हार्बरने यायचं, पूर्वेला उतरायचं आणि टँकरच्या रांगा चुकवत धक्क्यापर्यंत चालायचं. खिशात छत्तीसचा एकच रोल. एका कोळी मामांनी पाऊणकी शिकवली होती: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे ऊन कोवळं असतानाच पाणी पक्ष्यांना आपल्याकडे ढकलणार. मग नुसतं बसायचं. आधी आवाज यायचा, दूर कुणी घशातल्या घशात पुटपुटतंय तसा. मग लहान रोहितांची रांग पावलापावलाने जवळ यायची, चोच चिखलात तशीच; इतकी जवळ की गडद लाल चोचीवरून ओघळणारं पाणी दिसायचं. अशा वेळी रोल संपलेला असायचा, हे सांगायला नकोच.

२००३ की २००४, एका स्पर्धेत मी ती स्लाइड दिली. पुढे रोहित, मागे गंजून तांबडं झालेलं जहाज, त्यामागे धुराडी. परीक्षक म्हणाले, "पक्षी सुरेख, पार्श्वभूमी घाण." मी आज्ञाधारक माणूस. त्यानंतर चिखलात आडवा पडून, भिंग पूर्ण उघडून मागचं सगळं पुसून टाकायला शिकलो. आम्ही पक्ष्यांचे फोटो काढणारे सगळेच शिकलो. आमची प्रदर्शनं बघून कुणालाही वाटावं, हे केनियातून आलेत. पुलाची चर्चा तापली तेव्हा पक्षी आम्हा सगळ्यांच्या संग्रही होते, किनारा कुणाच्याच नव्हता. त्या परीक्षकांवर माझा अजून राग आहे. स्वतःवर थोडा जास्त.

पुढचं पटकन सांगतो. डिजिटल आलं. २०१५ मध्ये ठाणे खाडीत १६९० हेक्टरचं अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर पाणथळ जागेचा शिक्का बसला. लांब झूमचे कॅमेरे घरोघरी आले, एका सकाळी हजार फ्रेम पडू लागल्या, आणि भरती कधी ते मोबाइल सांगू लागला. १२ जानेवारी २०२४ ला पुलाचं उद्घाटन झालं. आता रोहितामागे पूल आला तर पार्श्वभूमी घाण होत नाही. उलट तेवढ्यासाठी लोक पहाटे येतात.

त्याच वर्षी नेरूळच्या तलावात रोहित मेले. २० मे च्या रात्री घाटकोपरवर एक थवा विमानाला धडकला, तीसहून जास्त पक्षी वस्तीत पडले. तिथले फोटो मी पाहिले. मोबाइलवर काढलेले, वाकडेतिकडे. एकाचीही पार्श्वभूमी धूसर नव्हती.

त्या मुलीला मी ती नापास स्लाइड दिली. तुमच्याही डब्यात अशा असतील: पक्षी कोपऱ्यात, मधोमध खांब, तार, बार्ज. टाकू नका, पुठ्ठ्यावर जागा आणि तारीख लिहून ठेवा. माझ्या स्लाइडवर सालसुद्धा नाही.