आवडलं, तरी सबस्क्राइब का नाही?

व्हिडिओ आवडतो, शेवटपर्यंत पाहिलाही जातो. पण खाली ‘२१२ सबस्क्राइबर’ दिसले की बोट थबकतं. रिकाम्या खानावळीच्या दारात पाऊल अडखळावं, तसंच. दर्जा स्वतः पारखायला वेळ लागतो, म्हणून मेंदू इतरांच्या पसंतीवर भिस्त ठेवतो.

२००६ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात १४ हजारांहून अधिक श्रोत्यांपुढे अनोळखी बँडची ४८ गाणी ठेवली होती. डाउनलोडचे आकडे दिसू लागताच लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली. कोणतं गाणं वर चढणार, हे मात्र गटागणिक बदललं! म्हणजे दर्जाबरोबरच सुरुवातीच्या गर्दीचाही हात.

शिवाय नवखा माणूस पुढच्या महिन्यात व्हिडिओ टाकेल, याची हमी कोण देणार?

यूट्यूबवर २०२२ पर्यंत सबस्क्राइबरची संख्या लपवता यायची; आता तीही सोय नाही. आणि जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा १,००० सबस्क्राइबर झाल्याशिवाय मिळत नाही.