कागदाची बाग

मुलांनो, चिकटकाम करताना कात्री, गोंद आणि रंगीत कागदांचा केवढा पसारा होतो! तेवढ्याच साहित्यातून केलेली, सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीची फुले आपल्या कॅमडेनमध्येच आहेत, ब्लूम्सबरीच्या ब्रिटिश म्युझियममध्ये.

ती केली मेरी डिलेनी नावाच्या आजींनी. त्यांचा जन्म १७०० चा. १७६८ मध्ये यजमान वारले. पुढे १७७२ साली, म्हणजे वयाच्या ७२ व्या वर्षी, जिरेनियमच्या पाकळीचा आणि जवळच पडलेल्या लाल कागदाचा रंग अगदी सारखा आहे, हे त्यांच्या लक्षात आले अशी गोष्ट सांगतात. मग कात्री जी हातात आली, ती दहा वर्षे सुटली नाही. जवळजवळ १००० चित्रे झाली!

खरे रोप समोर ठेवायचे आणि काळ्या रंगवलेल्या कागदावर रंगीत कागदाचे बारीक तुकडे एकावर एक चिकटवत जायचे. कृष्णकमळाच्या जातीच्या एका फुलात पाकळ्यांचे २३० हून अधिक तुकडे आहेत. राजा तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट त्यांना क्यूच्या बागेतून रोपे पाठवत. चित्रामागे झाडाचे नाव, तारीख, ठिकाण लिहिलेले असे. (आम्ही प्रोग्रामर मंडळी प्रत्येक बदलाची तारीख नोंदवतो, तशीच ही शिस्त.)

मला सर्वांत आवडते ते ‘विंटर चेरी’चे चित्र. ही आपल्या रसभरीची बहीण. फूल गळले की त्याचे हिरवे आवरण फुगते आणि फळाभोवती कंदील तयार होतो. तो पिकून नारिंगी होतो. थंडी-पावसात त्याचा मऊ भाग कुजतो आणि उरते फक्त शिरांची जाळी, आत लाल फळ. त्या फळातल्या बियांतून पुन्हा रोप. डिलेनीआजींनी नारिंगी कंदिलांबरोबर असा जाळी झालेला कंदीलही लावला आहे, आणि तो कागदाचा नाही, खऱ्या झाडाचा आहे! सुकलेले आपण केराच्या टोपलीत टाकतो. त्यांनी ते चित्रात घेतले.

१७८२ च्या सुमारास नजर अधू झाली आणि काम थांबले. चित्रांचे दहा खंड १८९७ मध्ये म्युझियमकडे आले. उजेडाने रंग उडतात, म्हणून ती कायम भिंतीवर नसतात. आधी वेळ ठरवून अभ्यासिकेत पाहता येतात. पालकांनी जरूर चौकशी करावी.

शरद ऋतूत इथल्या बागांमधूनही हे नारिंगी कंदील दिसतात. मिळाला तर एक बाहेर कुंडीतल्या ओल्या मातीवर ठेवा, तोंडात मात्र घालू नका. जाळी झाली की वर्गात घेऊन या.